नव्या रेंजफाइंडरआधी वाया गेलेले फोटो पाहा

रेंजफाइंडर कॅमेरा दहा-वीस वर्षं हाताळलेल्या माणसाला तो बदलावासा वाटू लागतो, तेव्हा त्याचं कारण बहुधा त्याच्या फोटोंत नसतं, नव्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असतं. वडिलांच्या काळापासून घरात असलेला याशिका इलेक्ट्रो ३५ असो, कॅननेट क्यूएल१७ असो, हौसेने पैसे साठवून घेतलेला लायका एम६ असो किंवा डिजिटल एम९ असो, शेजारी नव्या कॅमेऱ्याचा तक्ता ठेवला की जुना हरणारच, कारण तक्त्याचे रकाने नव्याच्या सोयीने आखलेले असतात. २००९च्या एम९मध्ये १८ मेगापिक्सेल होते आणि २०२२च्या एम११मध्ये ६० आहेत, हे खरं आहे. पण गेल्या वर्षी तुमचे जे फोटो फसले ते पिक्सेल कमी पडल्यामुळे फसले का, याचं उत्तर कोणताही विक्रेता देऊ शकत नाही. ते तुमच्याच निगेटिव्हच्या पाकिटांत आणि हार्डडिस्कवर पडून असतं. कॅमेरा बदलण्याचा निर्णय तिथून घ्यावा, आणि तसा घेतला तर बहुतेकांना कॅमेरा न बदलता दुसरंच काहीतरी बदलावं लागेल, असं या लेखाचं म्हणणं आहे.

त्यासाठी गेल्या वर्षभरातले टाकून दिलेले फोटो काढून बसावं. चांगले बाजूला राहू द्यावेत. त्यांच्यावरून कॅमेऱ्याबद्दल फारसं कळत नाही. फसलेल्या प्रत्येक फोटोला एकच मुख्य कारण द्यायचं: फोकस चुकला, प्रकाशाचा अंदाज चुकला किंवा सगळंच धुरकट आलं, उजेड इतका कमी होता की हात हलला, किंवा यातलं काहीच नाही, फोटोच नीरस आहे. फोटो फार थोडे असतील तर दोन रोल मुद्दाम खर्ची घालावेत. मुंबईत माटुंग्यात राहणाऱ्याला या परीक्षेसाठी लांब जावं लागत नाही. स्टेशनबाहेर फुलं आणि केळीची पानं विकणाऱ्यांच्या रांगेत सकाळी अर्धं ऊन, अर्धी सावली असते आणि माणसं हातभर अंतरावर असतात. फाइव्ह गार्डन्सला झाडांखालचा मऊ उजेड मिळतो. दिवेलागणीला उड्डाणपुलाखालच्या नानालाल मेहता उद्यानात कमी उजेडातली चालती माणसं सापडतात. प्रत्येक फोटोचं अंतर, शटर आणि अॅपर्चर वहीत टिपलं, तर नंतर कारण शोधताना स्वतःची समजूत घालायला वाव राहत नाही.

बहुतेकांचा फोकसचा ढीग सर्वांत उंच निघतो, आणि नवा कॅमेरा घ्यायला हेच कारण सर्वाधिक वेळा दिलं जातं. म्हणून इथे जरा थांबायला हवं. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा येतात. लेन्स फिरवली की त्यातली एक सरकते, आणि दोन्ही एकमेकींवर बसल्या की अंतर जुळलं असं समजायचं. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं वर्धन, या गुणाकारावर त्याची अचूकता ठरते. १९५४च्या लायका एम३मध्ये हा गुणाकार सुमारे ६२ मिलिमीटर भरतो. ०.७२ वर्धनाच्या एम६मध्ये तो सुमारे ५० आहे आणि एम११मध्येही पन्नाशीच्या आसपासच. म्हणजे फोकस जुळवण्याच्या मूळ क्षमतेत एम६वाल्याला लाखो रुपये मोजूनही जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि एम३वाला तर खाली उतरतो. उलट ६० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर पूर्वी झाकली जाणारी चूक उघडी पडते. ५० मिलिमीटरची लेन्स १.४वर उघडून एक मीटरवरचा चेहरा टिपला, तर तीक्ष्ण पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. डोळ्यावर जुळवलेला फोकस कानावर गेला तर तो अपघात मानू नये, त्यामागचं कारण शोधावं.

ते कारण शोधता येतं. सगळे फोटो एकाच दिशेने चुकत असतील, म्हणजे नेहमी मागे किंवा नेहमी पुढे, तर रेंजफाइंडरची जुळणी सरकली आहे. कधी पुढे, कधी मागे असा घोळ असेल, तर दोष डोळ्याचा किंवा हाताचा. जुळणी घरीच तपासता येते. रात्री गच्चीवर जाऊन लोअर परळ-वरळीकडच्या उंच टॉवरच्या माथ्यावरचा लाल दिवा धरावा आणि लेन्स अनंतावर ठेवावी. इतक्या दूरचा तो ठिपका एकच दिसला पाहिजे. आडवा किंवा उभा दुभंगलेला दिसला, तर कॅमेरा सर्व्हिसिंगला द्यायचा, विकायला नव्हे. जवळच्या अंतरासाठी टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवून एका आकड्यावर फोकस करावा, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फोटो घ्यावा आणि तीक्ष्ण आकडा कोणता आला ते पाहावं. डोळ्याचा दोष असेल तर तोही कॅमेरा बदलून जात नाही. चाळिशी लागलेल्यांना मधला चौकोन अस्पष्ट दिसू लागतो आणि रेंजफाइंडर अंधुक झाला असा त्यांचा समज होतो. लायकाच्या जुन्या एम कॅमेऱ्यांचा आयपीस उणे अर्धा डायॉप्टरचा असतो. त्यावर आपल्या नंबरची छोटी भिंग-चकती बसवता येते, आणि तिची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने नगण्य असते.

याला एक अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. मूळ एम६मध्ये बाजूने ऊन आलं की मधला चौकोन पांढरा पडतो आणि प्रतिमा जुळवायला दिसतच नाही. तिरप्या उन्हात फुलबाजारात उभं राहिलेल्याला हा त्रास अनेकदा होईल. हा दोष वापरणाऱ्याचा नाही, त्या व्ह्यूफाइंडरच्या रचनेचा आहे. २००३च्या एमपीमध्ये तो सुधारला गेला, आणि २०२२मध्ये कंपनीने एम६ पुन्हा बाजारात आणला तेव्हा त्यातही सुधारलेला व्ह्यूफाइंडरच बसवला. तुमच्या फोकसच्या ढिगात अशा वेळचे फोटो भरपूर असतील, तर बदलाची मागणी रास्त आहे. पुरावा मागायचा तो यासाठीच. नेहमी ‘नको’ म्हणण्यासाठी नव्हे.

दुसऱ्या ढिगातल्या चुका बहुधा बॅटरीशी येऊन थांबतात. इलेक्ट्रो ३५ हा १९६६चा कॅमेरा ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बांधला होता. बॅटरी नसली की त्याचं शटर फक्त १/५०० सेकंदावर चालतं. मग घरातले सगळे फोटो काळे येतात आणि ‘कॅमेरा गेला’ असा निकाल दिला जातो. सहा व्होल्टची आजची बॅटरी अॅडॉप्टरमध्ये घालून तो बऱ्याचदा पुन्हा उभा राहतो. कॅननेटची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या मीटरला १.३५ व्होल्ट हवे असतात. दीड व्होल्टची साधी अल्कलाइन बॅटरी घातली की मीटर भरकटतो. श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्ट देते, औषधांच्या दुकानात मिळते आणि कडेला एक वॉशर लावून चपखल बसते. ती काही महिन्यांत संपते, एवढाच त्रास. एम६मध्ये बॅटरी फक्त मीटरसाठी लागते. शटर सगळ्या गतींवर यांत्रिक आहे, त्यामुळे मीटर मेला तरी कॅमेरा मरत नाही. शटरच्या गतीबद्दल शंका असेल तर मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो-मोशनने मागचं झाकण उघडून चित्रण करावं. १/३० वर शटर सुमारे आठ चित्रं उघडं दिसायला हवं. बारा-तेरा दिसली तर शटर मंदावलं आहे. फोटोंवर एकाच जागी छोटा पांढरा ठिपका पुन्हा पुन्हा येत असेल, तर लायकाचा कापडी शटरपडदा उन्हाने जळलेला असू शकतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो, त्यामुळे लेन्स सूर्याकडे रोखून कॅमेरा टेबलावर ठेवला की भिंगाने कागद जाळावा तसा पडदा जळतो. चौपाटीवर जाणाऱ्यांनी लेन्सचं झाकण खिशात न ठेवता लेन्सवर ठेवावं.

धुरकट फोटोंचा विषय मुंबईत वेगळाच काढायला हवा, कारण इथे कॅमेऱ्यांचा खरा शत्रू वय नसून जुलै-ऑगस्टची हवा आहे. हवेतला दमटपणा आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहतो, आणि ७० टक्क्यांच्या पुढे लेन्सच्या काचांवर बुरशी आरामात वाढते. बुरशी चढलेली लेन्स सपाट, दूध सांडल्यासारखे फोटो देते, विशेषतः समोरून उजेड आला की. मालक मात्र म्हणतो की जुन्या लेन्समध्ये आता दम राहिला नाही. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून टॉर्च मारून तिरकं पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. सुरुवातीला ते साफ होतात. काचेवरचा लेप खाल्ला गेला की डाग कायमचा राहतो. ही लेन्स नव्या बॉडीवर चढवली तर बुरशीही नव्या बॉडीबरोबर नांदते. ४० ते ५० टक्के दमटपणा राखणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं, किंवा निदान घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत दमटपणा दाखवणारा छोटा मीटर. पावसाळ्यात चामड्याच्या मूळ केसमध्ये कॅमेरा ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं, आणि आठवण म्हणून जपलेली तीच केस लेन्सचा जीव घेते. नवा कॅमेरा घेण्याची ऐपत असलेल्या, पण ड्राय कॅबिनेट नसलेल्या घरात आधी कॅबिनेट आलं पाहिजे, याबद्दल दुमत असू नये.

आता तिसरा ढीग, जिथे नव्या कॅमेऱ्याचा दावा खरोखर भक्कम आहे. दादरच्या फुलबाजारात पहाट उजाडण्यापूर्वी, किंग्ज सर्कलच्या जीएसबी गणपतीच्या मंडपात संध्याकाळी, लालबागच्या मिरवणुकीत रात्री, ४०० संवेदनशीलतेच्या फिल्मवर शटर १/१५ पर्यंत खाली येतं. चालता माणूस १/१५ वर थांबत नाही, तुमचा हात कितीही स्थिर असो. आजचा डिजिटल सेन्सर ६४००वर समाधानकारक फोटो देतो. हा चार स्टॉपचा फरक आहे, म्हणजे १/१५च्या जागी १/२५०. इथे अनुभव, संयम, रोलभर प्रयत्न, काहीही कामाला येत नाही. तरी एक मधली पायरी आहे. ट्राय-एक्स किंवा एचपी५सारखी कृष्णधवल फिल्म १६००वर धरून जास्त वेळ डेव्हलप करून घेतली, तर दोन स्टॉप हाती येतात आणि १/१५चं १/६० होतं. सावल्या काळ्या पडतात, दाणे मोठे होतात. मिरवणुकीच्या फोटोला ते अनेकदा शोभतं. पण घरच्या लग्नाच्या फोटोला शोभेलच असं नाही. ढिगातले बहुसंख्य फोटो अशा उजेडातले, रंगीत हवे असलेले आणि चालत्या माणसांचे असतील, तर खुशाल बदला.

फक्त बदलायचं कशाने, हा प्रश्न तिथे संपत नाही. फसलेल्या फोटोंत अर्ध्या मीटरवरून टिपलेला गजरा किंवा लांबून टिपलेला पक्षी असेल, तर दोष तुमच्या कॅमेऱ्याचा नाही, रेंजफाइंडर या जातीचाच आहे. लायकाचे एम कॅमेरे रेंजफाइंडरने साधारण ७० सेंटिमीटरच्या आत जुळत नाहीत, आणि १३५ मिलिमीटरच्या पुढच्या लेन्सला व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटच नाही. नवा, महाग रेंजफाइंडर घेऊन ही मर्यादा ओलांडायला जाणं व्यर्थ. वापरलेली मिररलेस बॉडी आणि एम लेन्सचं अॅडॉप्टर या जोडीने रात्र, जवळचं आणि लांबचं ही तिन्ही कामं भागतात, आणि जुना रेंजफाइंडर दिवसाच्या कामाला मोकळा राहतो. रेंजफाइंडरप्रेमींना हा सल्ला पाखंडी वाटेल. पण गरज रात्रीच्या फोटोंची असेल, तर त्यासाठी दोन खिडक्या आणि सरकती प्रतिमाच हवी असा नियम कुठे आहे?

चौथ्या ढिगाबद्दल थोडक्यात. नीरस फोटो कोणत्याही बॉडीने सुधारत नाहीत.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो पैशाचा: फिल्म महाग झाली, डिजिटल घेतला की खर्च संपला. हिशोब करूनच पाहावा. समजा रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून १,५०० रुपये पडतात आणि वर्षाला २४ रोल होतात. वर्षाचे ३६,००० झाले. डिजिटल रेंजफाइंडर ७,२०,००० रुपयांना पडला, तर बरोबरी व्हायला वीस वर्षं लागतील. आकडे आपापले घालावेत. पण वर्षाला शंभर रोल न काढणाऱ्या हौशी माणसासाठी उत्तर फारसं बदलत नाही. आणि वीस वर्षं तो कॅमेरा टिकेल का? एम९च्या मालकांना याचा अनुभव आहे. त्याच्या सेन्सरवरच्या संरक्षक काचेला गंज चढू लागला. कंपनीने काही वर्षं सेन्सर मोफत बदलून दिले, पुढे ती सोय थांबली. मोकळ्या आभाळाचे फोटो छोट्या अॅपर्चरवर काढले आणि त्यात कडेला वलय असलेले ठिपके दिसले, तर तुमचा एम९ त्याच वाटेवर आहे, आणि त्याच्या बाबतीत ‘बदलू का’ हा प्रश्न ‘कधी बदलू’ असा विचारावा. सेन्सरला गंज न चढलेल्या एम९वाल्याने मात्र केवळ वयाला घाबरून विकू नये. वर्षाला दोन-तीन हजार फोटो काढून त्यातून वीस मोठे छापणाऱ्याला १८ मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवर लावायच्या बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटला इंचाला जवळपास २९० ठिपके मिळतात, आणि हातभर अंतरावरून याहून जास्त डोळ्याला वेगळं कळत नाही.

दुसरा आक्षेप: दुरुस्ती करणारे हात कमी होत चालले आहेत. हे खरं आहे, आणि त्याचा अर्थ प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळा निघतो. एम३, एम६ यांचे भाग यांत्रिक आहेत. साफसफाई, तेल, जुळणी झाली की ते पुन्हा चालतात, आणि एखादा भाग दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्यातून काढता येतो. इलेक्ट्रो ३५च्या पोटात मात्र एक छोटा रबरी तुकडा असतो. तो कुजला की शटर आणि मीटरची साखळी तुटते. हे काम करून देणारा माणूस भेटला तर ठीक; सर्किटच गेलं असेल तर त्यावर पैसे घालू नयेत, तसाच दुसरा चालू इलेक्ट्रो स्वस्तात मिळतो. यातून निघणारा नियम सरळ आहे: दुरुस्तीचा खर्च तोच कॅमेरा चालू स्थितीत विकत घेण्याच्या निम्म्यावर गेला आणि कॅमेरा इलेक्ट्रॉनिक असेल, तर सोडून द्या. यांत्रिक असेल तर पूर्ण खर्चाएवढी दुरुस्तीही सोसते, कारण पुढची पंधरा वर्षं तिच्यात सामावलेली असतात.

मोठ्या छायाचित्रकारांचे दाखले देऊन जुन्या कॅमेऱ्याची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद मात्र लंगडा आहे. कार्तिए-ब्रेसाँ दशकानुदशकं लायका आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर भागवत राहिले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावालांनी आयुष्यभराचं काम स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्सवर केलं, हे खरं. पण त्यांच्या हाताशी त्यांच्या काळातले चांगल्यात चांगले कॅमेरे होते. जुनं वापरायचं म्हणून त्यांनी ते वापरले नाहीत. त्यांच्या नावावर तुमचा इलेक्ट्रो थोर ठरत नाही, आणि तुमचा नवा एम११ही वाया जात नाही.

राहता राहिला आनंद. नवा कॅमेरा हातात आला की माणूस दोन महिने उत्साहाने बाहेर पडतो, आणि हा फायदा खरा आहे. नुसत्या इच्छेसाठी घेण्यातही काही गैर नाही; फक्त तेव्हा त्याला गरजेचं नाव देऊ नये, म्हणजे जुन्याला दोष लावून तो घाईने कवडीमोल विकायची वेळ येत नाही. घ्यायचंच ठरलं तर आधी तुमच्या लेन्स कोणत्या माउंटच्या आहेत ते पाहा. १९५४पासूनच्या एम लेन्स आजच्या एम बॉडीवर बसतात, आणि ३९ मिलिमीटरच्या स्क्रू माउंटच्या लेन्सही अॅडॉप्टरने चढतात, म्हणजे गुंतवणुकीचा मोठा भाग तसाच राहतो. फोर्टमध्ये बोरा बाजारात वापरलेला कॅमेरा पाहायला जाताना तुमची लेन्स, एक टॉर्च आणि चष्मा बरोबर न्या. चष्म्यासह २८ मिलिमीटरच्या चौकटीच्या चारही कडा दिसतात का ते तपासा. एक सेकंदाचं शटर कानाने ऐका. दुकानाच्या दारातून लांबच्या इमारतीच्या कडेवर दोन्ही प्रतिमा जुळतात का ते बघा. शक्य असेल तर खरेदी दिवाळीनंतर करा: पावसाळ्यात दुकानातल्या कपाटांतही बुरशी तेवढीच वाढते, आणि जुलैत स्वच्छ वाटलेली लेन्स सप्टेंबरात धागे दाखवू शकते. जुना कॅमेरा लगेच विकू नका. नव्या बॉडीवर दोन-तीन महिने काम झालं की फसलेल्या फोटोंचे ढीग पुन्हा लावा, आणि जुन्याचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा.